कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचे सीटी : दोन पद्धतींची तुलना करताना पाळायचा क्रम

तासगावहून आलेल्या, कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानातील शंखाकृती कॉक्लियात विजेची तार घालून ऐकायला मदत करणारे उपकरण) बसवलेल्या एका निवृत्त शिक्षकांच्या पिशवीत दोन पाकिटे होती. एकात कोन-बीम सीटी (शंकूच्या आकाराच्या किरणांनी काढलेला) होता आणि दुसऱ्यात त्याच कानाचा, आठ महिन्यांनी काढलेला मल्टिडिटेक्टर सीटी (रुग्णालयातल्या नेहमीच्या यंत्राचा). कान-नाक-घसा विभागातील निवासी डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून विचारले, की यातली चांगली पद्धत कोणती. मी पाच मिनिटांत कोन-बीमच्या बाजूने उत्तर दिले आणि पुढचे काही महिने आमच्याकडील इम्प्लांटचे रुग्ण त्या उत्तराच्या आधारे पाठवले गेले. नंतर एके दिवशी त्याच रुग्णाची सीडी पुन्हा उघडली, तेव्हा तिच्यात न छापलेली, हाडांच्या कर्नेलमधली (कर्नेल म्हणजे प्रतिमा किती तीव्र किंवा मऊ दिसावी हे ठरवणारी गाळणी) ०.६ मिमी जाडीची मालिका सापडली. त्या मालिकेत इलेक्ट्रोडचे, म्हणजे आत घातलेल्या तारेचे, संपर्कबिंदू तितकेच सुटे दिसत होते. मी सव्वा मिलिमीटर जाडीच्या, मऊ ऊतींच्या कर्नेलमधल्या फिल्मची तुलना एका बारीक व्हॉक्सेलच्या (प्रतिमेतील सर्वांत छोट्या घनाच्या) प्रतिमेशी केली होती. मी तुलना करत होतो ती छपाईची, यंत्रांची नव्हे.

मिरज-सांगली आणि कराड-सातारा पट्ट्यातील विभागांत हीच चूक आजही वरचेवर होताना दिसते. हा लेख सीटी तंत्रज्ञ, रेडिऑलॉजी आणि कान-नाक-घसा विभागांतील निवासी डॉक्टर आणि ऑडिऑलॉजिस्ट यांच्यासाठी आहे. कोणती पद्धत श्रेष्ठ, हे तो सांगत नाही. ते ठरवण्यासाठी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, एवढेच त्यात आहे.

१. आधी प्रश्न लिहून घ्यावा

तुलना सुरू करण्यापूर्वी प्रतिमेकडून काय हवे आहे, ते एका वाक्यात कागदावर उतरवावे. शस्त्रक्रियेनंतर विचारले जाणारे प्रश्न वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला लागणारी बारकाई वेगळी असते.

तार कॉक्लियात आहे का आणि तिचे टोक दुमडलेले नाही ना, एवढेच पाहायचे असेल तर कॉक्लिअर व्ह्यूमधला (कॉक्लियाचे सर्पिल समोरून दिसेल अशा कोनातला) साधा एक्स-रे बहुतेक वेळा पुरतो आणि त्यासाठी सीटीची गरज पडत नाही. तार किती अंश आत गेली आहे, हे मोजायचे असेल तर दोन्ही सीटी पद्धती चालतात. फक्त प्रतल योग्य हवे. तार स्कॅला टिम्पनीत आहे की वर स्कॅला वेस्टिब्युलीत शिरली आहे, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण या पोकळ्यांची उंची जेमतेम मिलिमीटरच्या घरात असते आणि धातूची चमक (धातूभोवती प्रतिमेत पसरणारा खोटा उजाळा) तेवढी जागा सहज व्यापते. मॅपिंगसाठी (इम्प्लांटचे संकेत रुग्णाला जुळवून देण्यासाठी) प्रत्येक संपर्कबिंदूचा कोन हवा असेल तर बिंदू एकमेकांपासून सुटे दिसलेच पाहिजेत. मधल्या कानात पाणी किंवा संसर्ग आहे का, आवाज सुरू केल्यावर चेहऱ्याचा स्नायू का उडतो, असे प्रश्न असतील तर मऊ ऊती आणि फेशियल नर्व्हची (चेहऱ्याच्या मज्जातंतूची) नलिका पाहावी लागते. मऊ ऊतींच्या बाबतीत कोन-बीम कमी पडतो.

याच टप्प्यावर इम्प्लांटचे मॉडेल नोंदवावे. ॲडिप या केंद्र सरकारच्या अपंग-साहाय्य योजनेतून शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे पालक उपकरणाचे कार्ड फाइलमध्ये जपून ठेवतात. ते मागून घ्यावे. मेड-एलच्या २८ मिमी लांबीच्या फ्लेक्स तारेवर १२ संपर्कबिंदू २.१ मिमी अंतराने बसवलेले असतात. कॉक्लिअर कंपनीच्या आधीच वळवलेल्या तारांवर २२ बिंदू सुमारे १५ मिमी लांबीत असतात, म्हणजे दोन बिंदूंतील अंतर पाऊण मिलिमीटरहूनही थोडे कमी भरते. पहिल्या तारेचे बिंदू सुटे दाखवणारे यंत्र दुसऱ्या तारेचे बिंदू एका सलग पट्टीसारखे दाखवू शकते.

सावधान : एका गटात १२ बिंदूंच्या तारा आणि दुसऱ्या गटात २२ बिंदूंच्या तारा असतील, तर हाती येणारा निष्कर्ष तारेविषयीचा असतो, यंत्राविषयीचा नव्हे.

२. तुलनेसाठी रुग्णाला दुसऱ्यांदा किरण देऊ नयेत

ही अट सर्वांत आधी पाळावी. केवळ पद्धती ताडून पाहण्यासाठी एखाद्या रुग्णाचा, त्यातही लहान मुलाचा, दुसरा सीटी काढणे योग्य नाही. तुलनेचे तीन सरळ मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो. एकाच स्कॅनच्या रॉ डेटावरून (यंत्राने मोजलेल्या मूळ माहितीवरून) वेगवेगळी रिकन्स्ट्रक्शन करावीत, म्हणजे प्रतिमा पुन्हा तयार कराव्यात : दोन कर्नेल, दोन जाड्या, धातूची चमक कमी करणारी प्रक्रिया वापरून आणि न वापरता. रुग्ण तोच, स्थिती तीच आणि वाढीव किरण शून्य. दुसरा मार्ग म्हणजे वैद्यकीय कारणाने दोन्ही पद्धतींनी तपासणी आधीच झालेले रुग्ण शोधणे. तिसरा मार्ग म्हणजे प्रयोगशाळेतील टेम्पोरल बोनमध्ये (कान ज्यात असतो त्या कवटीच्या हाडात) सरावासाठीची तार घालून तेच हाड दोन्ही यंत्रांवर ठेवणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गासाठी संस्थेच्या नीती समितीची परवानगी आधी घ्यावी.

तिसऱ्या मार्गात एक चूक हमखास होते. हाड कोरडे असते, त्याच्या कॉक्लियात द्रवाऐवजी हवा असते आणि हवेमुळे आतल्या भिंती इतक्या स्वच्छ दिसतात, की जिवंत कानात तसे कधीच दिसत नाही. म्हणून पोकळी सलाइनने भरावी, बुडबुडे निघून जाऊ द्यावेत आणि हाड डोक्याएवढ्या पाण्याच्या भांड्यात ठेवूनच स्कॅन करावे. भोवती पाणी नसेल तर कवटीमुळे होणारे बीम हार्डनिंग (किरणांचा मऊ भाग वाटेत गळाल्याने येणारा दोष) प्रतिमेत येत नाही आणि दोन्ही पद्धती आहेत त्यापेक्षा चांगल्या भासतात.

पडताळा : डोसची नोंद कोणत्या एककात आहे, ते पाहावे. मल्टिडिटेक्टर यंत्र सीटीडीआय आणि डीएलपी ही डोसची मापे दाखवते, तर बहुतेक कोन-बीम यंत्रे डोस-एरिया गुणाकार देतात. हे आकडे समोरासमोर ठेवून ‘याचा डोस निम्मा’ असे लिहिता येत नाही. तशी तुलना हवी असेल तर विभागाच्या भौतिकशास्त्रज्ञाकडून दोन्हींचा परिणामी डोस काढून घ्यावा.

३. रुग्णाची तयारी

बाहेरचा प्रोसेसर आणि त्याचे कॉइल स्कॅनच्या खोलीबाहेर काढून त्याच्या डबीत ठेवावे आणि डबी नातेवाइकाच्या हातात द्यावी. आत बसवलेला भाग आणि त्याचे चुंबक यांना सीटीसाठी हात लावायचा नसतो. चुंबकाची काळजी एमआरआयच्या वेळी वेगळी घ्यावी लागते. प्रोसेसर काढल्यावर बहुतेक रुग्णांना जवळपास काहीच ऐकू येत नाही, ही गोष्ट आपण वारंवार विसरतो. ‘हलू नका’ ही सूचना माइकवरून देऊन उपयोग नसतो. प्रोसेसर काढण्यापूर्वी सर्व काही समजावून सांगावे, हाताच्या खुणा ठरवाव्यात आणि वाचता येणाऱ्या रुग्णासाठी मोठ्या अक्षरांतला कागद तयार ठेवावा.

बाळी, कुडी, केसांच्या पिना, गळ्यातील ताईत आणि चष्मा काढून ठेवावा. मुलींच्या वेणीत अडकलेली छोटी धातूची क्लिप स्काउटमध्ये (स्कॅनआधीच्या जागा ठरवणाऱ्या प्रतिमेत) दिसत नाही, असे नव्हे. ती दिसते, पण तोवर झोपलेले मूल जागे झालेले असते.

लहान मुलांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची ठरते. आटपाडी किंवा माणहून पहाटेची एसटी पकडून आलेले, उपाशी ठेवलेले मूल दुपारी बारा वाजता शांत राहील अशी अपेक्षा ठेवू नये; त्याला सकाळचा पहिला क्रमांक द्यावा. झोपेचे औषध द्यायचे की नाही, किती द्यायचे आणि त्याआधी किती तास पोट रिकामे हवे, हे भूलतज्ज्ञांनीच ठरवावे. काही सेकंदांत पूर्ण होणारा मल्टिडिटेक्टर स्कॅन अनेकदा नैसर्गिक झोपेत उरकतो. कोन-बीमला मात्र साधारण दहा ते चाळीस सेकंद स्थिर राहावे लागते आणि बरीच यंत्रे रुग्णाला बसवून किंवा उभे करून चालवतात, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ही पद्धत बहुधा कागदावरच राहते. तुलनेच्या तक्त्यात ‘किती रुग्णांचा स्कॅन हालचालीमुळे वाया गेला’ हा रकाना असलाच पाहिजे. तो नसेल तर कोन-बीमच्या फक्त यशस्वी प्रतिमा मोजल्या जातात.

डोक्याची ठेवण : हनुवटी छातीकडे झुकवावी. असे केल्याने डोळ्यांची भिंगे स्कॅनच्या पट्ट्याबाहेर राहतात आणि कानामागे वर त्वचेखाली बसवलेला रिसीव्हर बऱ्याच अंशी कॉक्लियाच्या प्रतलातून बाजूला जातो. रिसीव्हर आणि कॉक्लिया एकाच पातळीवर आले, तर काळ्या-पांढऱ्या रेघा थेट कॉक्लियावरून जातात आणि मग कोणतेही रिकन्स्ट्रक्शन त्या पूर्णपणे पुसू शकत नाही.

४. स्कॅन

मल्टिडिटेक्टर यंत्रावर टेम्पोरल बोनचा प्रोटोकॉल निवडावा : सर्वांत बारीक डिटेक्टर, ०.५ ते ०.६२५ मिमी जाडी आणि मास्टॉइडच्या टोकापासून पेट्रस हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचाच पट्टा. पूर्ण मेंदूचा स्कॅन करून त्यातून कान कापून काढू नये. केव्ही (किरणांची ऊर्जा ठरवणारा व्होल्टेज) कमी केल्यास डोस घटतो, पण धातूभोवतीची चमक वाढते. म्हणून १२० किंवा त्याहून अधिक केव्ही ठेवून एमए (किरणांचे प्रमाण ठरवणारा विद्युतप्रवाह) आटोक्यात ठेवावा.

कोन-बीमवर चूक वेगळ्या ठिकाणी होते. आपल्याकडील बहुतेक कोन-बीम यंत्रे दातांच्या केंद्रांत आहेत आणि त्यांचे दृश्यक्षेत्र जबड्यावर बेतलेले असते. जबड्याच्या सांध्याचा कार्यक्रम निवडून केंद्र कानाच्या छिद्राच्या पातळीवर आणि थोडे आत सरकवावे. लहान दृश्यक्षेत्र आणि सर्वांत बारीक व्हॉक्सेल घ्यावा. पूर्ण फेरीचा पर्याय असल्यास अर्ध्या फेरीचा वापर टाळावा.

पडताळा : रुग्ण टेबलावरून उतरण्यापूर्वी मधल्या कानातील मॅलिअस आणि इंकस या हाडांकडे पाहावे. त्यांची कडा दुहेरी दिसत असेल तर रुग्ण हललेला आहे आणि ती प्रतिमा तुलनेत ‘हालचाल’ म्हणूनच नोंदवावी. इलेक्ट्रोडकडे पाहून हालचाल ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण धातूची चमक आणि हालचालीचा धूसरपणा एकसारखे दिसतात.

५. रिकन्स्ट्रक्शन : सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात

रॉ डेटा यंत्रावर मोजकेच दिवस राहतो. जागा भरली की यंत्र तो आपोआप पुसते. म्हणून इम्प्लांटच्या रुग्णाचा स्कॅन झाल्याबरोबर पुढील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात.

अ) प्रत्येक कानाचे स्वतंत्र रिकन्स्ट्रक्शन ८ ते १० सेंमी दृश्यक्षेत्रात करावे. दोन्ही कान मिळून २० सेंमीच्या क्षेत्रात काढले, तर ५१२ च्या मॅट्रिक्समध्ये एका पिक्सेलची बाजू जवळपास ०.४ मिमी होते. १० सेंमीच्या क्षेत्रात ती ०.२ मिमीच्या खाली येते. हा फरक फुकट मिळतो आणि तरीही बहुतेक वेळा सोडून दिला जातो.

आ) जाडी शक्य तितकी बारीक ठेवावी आणि लगतच्या कापा एकमेकांवर थोड्या चढवाव्यात.

इ) हाडांचे तीव्र कर्नेल एकदा आणि मध्यम कर्नेल एकदा वापरावे. तीव्र कर्नेलमध्ये बिंदू सुटे होतात, पण धातूच्या कडेला काळी झालर येते. ती झालर म्हणजे द्रवाची पोकळी, असा समज करून घेऊ नये.

ई) विस्तारित एचयू (सीटीतील घनतेचे एकक) मापनश्रेणी सुरू करावी. नेहमीच्या १२ बिट मापनात सर्वांत मोठी किंमत ३०७१ असते आणि इलेक्ट्रोडमधील प्लॅटिनम त्याच्या कितीतरी वर जाते. त्यामुळे सर्व बिंदू आणि त्यांच्यामधली तार एकाच सपाट पांढऱ्या रंगात बुडतात. विस्तारित श्रेणीत तीच तार उघडली, की पांढऱ्या पट्टीच्या जागी मण्यांची माळ दिसू लागते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आमच्या तंत्रज्ञांनी यंत्र बदलले आहे का, असे विचारले होते.

उ) धातूची चमक कमी करणारी प्रक्रिया प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने दिलेली असते : आयमार, ओ-मार, सेमार, स्मार्ट मार. ती वापरून एक मालिका काढावी, मात्र मूळ मालिका कधीही पुसू नये.

सावधान : या प्रक्रिया खुब्याचे कृत्रिम सांधे आणि दातांतील भरणे अशा मोठ्या धातूंसाठी उपयुक्त ठरतात. इलेक्ट्रोडसारख्या बारीक धातूवर त्या बिंदूंचा आकार बदलू शकतात, एखादा बिंदू पुसट करू शकतात किंवा शेजारच्या हाडाची पातळ भिंत गायब करू शकतात. ज्या रचनेविषयी निर्णय द्यायचा आहे, ती दोन्ही मालिकांत दिसली तरच मान्य करावी.

ड्युअल-एनर्जी (दोन ऊर्जांच्या किरणांनी मोजणारे) यंत्र असल्यास उच्च केईव्हीच्या (जास्त ऊर्जेच्या) आभासी एकऊर्जा प्रतिमाही काढाव्यात. फोटॉन-काउंटिंग (किरणांचा प्रत्येक कण स्वतंत्र मोजणाऱ्या) सीटीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली असून त्याच्या अतिसूक्ष्म पद्धतीत ०.२ मिमी जाडीच्या कापा मिळतात. रुग्णाकडे अशा यंत्रावरचा स्कॅन असेल, तर त्याला ‘मल्टिडिटेक्टर’ या रकान्यात न टाकता वेगळ्या गटात ठेवावे.

६. दोन्ही प्रतिमा एकाच प्रतलात आणाव्यात

समोर आलेल्या ॲक्सियल कापा तशाच शेजारी लावून तुलना करू नये, कारण दोन्ही वेळी डोक्याचा कोन वेगळा असतो. वर्कस्टेशनवर एमपीआर (हव्या त्या प्रतलात प्रतिमा फिरवून पाहण्याची सोय) उघडून पुढील क्रम पाळावा.

ॲक्सियल प्रतिमेत मोडिओलस, म्हणजे कॉक्लियाचा मधला अक्ष, शोधावा आणि संदर्भरेषा त्याला काटकोनात, म्हणजे तळच्या वळणाला समांतर, फिरवावी. मग दुसऱ्या प्रतलात जाऊन तोच काटकोन पुन्हा साधावा. एका प्रतलात जुळवून थांबल्यास सर्पिल लंबगोल दिसते आणि कोन चुकतो. तिसऱ्या चौकटीत तळच्या वळणाचे पूर्ण सर्पिल दिसू लागले, की कॉक्लिअर व्ह्यू मिळाला. आता एमआयपीची (जाड थरातले सर्वांत उजळ बिंदू एकत्र दाखवणाऱ्या प्रतिमेची) जाडी हळूहळू वाढवत पूर्ण तार एका प्रतिमेत आणावी. कॉक्लियाची उंची ४ ते ५ मिमी असते, त्यामुळे तेवढी जाडी पुरते. त्याहून वाढवल्यास बाहेरून येणारी तार आतल्या तारेवर चढते आणि टोक दुमडल्याचा खोटा भास होतो.

अंश मोजताना शून्याची रेषा मोडिओलसच्या केंद्रापासून राउंड विंडोच्या (कॉक्लियाच्या तळाशी असलेल्या छोट्या खिडकीच्या) मध्यापर्यंत काढावी. तिथून तारेच्या वळणाने शेवटच्या बिंदूपर्यंत कोन मोजावा. एक पूर्ण वेढा ३६० अंशांचा. काही जण शून्याची रेषा कॉक्लिओस्टॉमीच्या (शस्त्रक्रियेत कॉक्लियाला पाडलेल्या) छिद्रापासून घेतात आणि मग दोन अहवालांतील फरक पद्धतीचा आहे की रेषेचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

पडताळा : शस्त्रक्रियेपूर्वीचा सीटी उपलब्ध असल्यास तो नंतरच्या सीटीवर जुळवून घ्यावा. आधीच्या प्रतिमेत धातू नसल्यामुळे राउंड विंडो आणि कॉक्लियाच्या भिंती स्वच्छ दिसतात आणि शून्याची रेषा अंदाजाने काढावी लागत नाही.

७. वाचन

एमआयपी प्रतिमा फक्त कोन आणि दुमड यांसाठी वापरावी. तार कोणत्या पोकळीत आहे, याचा निर्णय एमआयपीवर कधीही घेऊ नये. त्यासाठी कॉक्लिअर व्ह्यूमधील संदर्भरेषा मोडिओलसभोवती फिरवून ९०, १८०, २७० अंशांवर पातळ, अक्षाच्या मधून जाणाऱ्या कापा काढाव्यात. अशा प्रत्येक कापेत तार एका ठिपक्यासारखी दिसते. ठिपका राउंड विंडोच्या बाजूच्या अर्ध्यात असेल तर स्कॅला टिम्पनी, कॉक्लियाच्या शिखराकडच्या अर्ध्यात असेल तर स्कॅला वेस्टिब्युली. तार एका पोकळीतून दुसरीत घुसण्याची जागा बहुधा पहिल्या वळणावर, १८० अंशांच्या आसपास असते; तिथे कापा दाट काढाव्यात. दुसऱ्या वेढ्यात पोकळ्या इतक्या अरुंद होतात, की ठिपका दोन्ही व्यापतो. तिथे ‘निश्चित सांगता येत नाही’ हे उत्तर अहवालात लिहावे आणि तक्त्यातही तसेच नोंदवावे.

विंडोही (प्रतिमा पडद्यावर किती उजळ-गडद दाखवायची ती श्रेणी) ठरवून घ्यावी. हाडांसाठी सुमारे ४००० रुंदीची नेहमीची विंडो आणि धातूसाठी विस्तारित श्रेणीतील अतिशय रुंद विंडो, अशा दोन विंडोंत प्रत्येक प्रतिमा पाहावी. कोन-बीममधील करड्या रंगाच्या किमती खऱ्या एचयू नसतात, म्हणून दोन यंत्रांवर तेच आकडे टाकून विंडो ‘समान’ केली, असे समजू नये. दोन्हीकडे ओटिक कॅप्सूलचे (आतल्या कानाभोवतीचे) हाड सारखेच उजळ दिसेल, अशी विंडो डोळ्यांनी जुळवावी आणि ती लिहून ठेवावी.

चमकेची रुंदी मोजायची असेल तर एका बिंदूवरून आडवी रेषा काढून तिच्या आलेखाची निम्म्या उंचीवरची रुंदी घ्यावी. मात्र मापन ३०७१ वर कापलेले असेल, तर आलेखाचा माथा सपाट होतो, ‘निम्मी उंची’ खूप खाली येते आणि बिंदू आहे त्याहून रुंद भरतो. आमच्या जुन्या तक्त्यात मल्टिडिटेक्टरचे आकडे याच कारणाने फुगलेले होते.

वाचणारे किमान दोन असावेत आणि त्यांनी एकमेकांचे गुण पाहू नयेत. प्रतिमांवरून रुग्णाचे नाव, यंत्राचे नाव आणि तारीख काढून टाकावी आणि क्रम मिसळावा. कोन-बीमची दाणेदार पार्श्वभूमी अनुभवी डोळ्याला लगेच ओळखू येते, त्यामुळे नाव झाकूनही पूर्वग्रह थोडा उरतोच; म्हणून ‘प्रतिमा चांगली आहे का’ असा प्रश्न न विचारता ‘किती बिंदू सुटे मोजता आले’, ‘बाहेरची भिंत किती अंशांपर्यंत दिसली’, ‘१८० अंशांवर पोकळी ठरवता आली का’ असे मोजता येणारे प्रश्न विचारावेत. काही आठवड्यांनी त्याच प्रतिमा वेगळ्या क्रमाने पुन्हा वाचायला द्याव्यात.

सावधान : दोन वाचकांचे एकमत झाले म्हणजे उत्तर बरोबर आले, असे नव्हे. रुग्णाच्या बाबतीत खरे उत्तर सीटीबाहेर शोधावे लागते : शस्त्रक्रियेच्या टिपणीत किती बिंदू आत गेल्याचे लिहिले आहे आणि कोणते बिंदू ऑडिऑलॉजिस्टने बंद ठेवले आहेत. टिपणीत सर्व २२ बिंदू आत आणि प्रतिमेत २० असतील, तर आधी प्रतिमा पुन्हा उघडावी, मग शल्यचिकित्सकांना दूरध्वनी करावा.

८. नोंद

प्रत्येक प्रतिमेमागे एक ओळ याप्रमाणे नोंद ठेवावी : विचारलेला प्रश्न, इम्प्लांटचे मॉडेल, शस्त्रक्रियेपासून स्कॅनपर्यंतचे दिवस, यंत्र, केव्ही, जाडी किंवा व्हॉक्सेल, दृश्यक्षेत्र, कर्नेल, मापनश्रेणी, चमक कमी करणारी प्रक्रिया वापरली की नाही, डोस त्याच्या एककासह, हालचाल, आणि मग निरीक्षणे. यातला एकही रकाना रिकामा असेल तर ती ओळ तुलनेतून वगळावी, कितीही सुंदर प्रतिमा असली तरी.

रुग्णाला सीडी देताना तिच्यात पातळ, हाडांच्या कर्नेलमधली, विस्तारित श्रेणीची मूळ मालिका घालावी आणि पाकिटावर तसे मराठीत लिहावे, कारण पुढचा स्कॅन कदाचित पुण्यात किंवा मुंबईत होईल आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाती आपली फिल्म नव्हे, तर ही सीडीच पडेल. तासगावच्या त्या गुरुजींच्या पाकिटावर आता हे लिहिलेले आहे; खाली त्यांच्या तारेचे मॉडेल आणि शेवटच्या बिंदूचा कोनही.